घर देहूरोडला, नोकरी कुठे?

एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत आमच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त लोकांना ऑफिसात यायची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच टीसीएसने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सक्तीचं केलं. आणि २७ जुलै २०२५ ला कळवलं की वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोक कमी होतील, त्यातही प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या श्रेणीतले. देहूरोड, किवळे, मामुर्डी, विकासनगर भागात राहणाऱ्या पंधरा-वीस वर्षं अनुभवाच्या आयटीवाल्यावर आज नोकरी शोधायची वेळ आली, तर तो या तीन बातम्यांच्या मधोमध उभा असतो. घरून काम करायची सवय लागलेली, ती सोय काढून घेतलेली, आणि पगाराचा आकडा असा की कपातीची यादी करणाऱ्याचं लक्ष आधी तिथेच जावं.

हा लेख अशा माणसासाठी आहे, मग तो नोटीस पीरियडवर असो, बेंचवर असो, की नुसताच वैतागलेला असो. उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बरीच वर्षं बसल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. सीनिअर माणसाने 'रिमोट नोकरी' शोधू नये. आधी काम शोधावं, आपल्याशिवाय ज्यांचं अडेल अशी माणसं शोधावीत, आणि ते काम कुठून करायचं हा मुद्दा करारात लिहून घ्यावा. उलट क्रमाने जाणारे लोक शंभर ठिकाणी अर्ज टाकतात आणि त्यांच्याकडे ठरावीक नकाराच्या ईमेलांचा ढीग जमतो. 'रिमोट' या एका शब्दावर देशभरातून अर्ज येतात आणि त्या गर्दीत वीस वर्षांचा अनुभव चाळणीतून खाली पडतो.

रिमोट म्हणजे नक्की काय, ते आधी विचारा

जाहिरातीत रिमोट लिहिलेलं असतं, त्याचे प्रत्यक्षात बरेच प्रकार निघतात. जगात कुठूनही बसा, हा एक. भारतात कुठूनही, पण तीन महिन्यांतून एकदा आठवडाभर बेंगळुरूला या, हा दुसरा. रिमोट, पण कामाची वेळ अमेरिकेची, हा तिसरा. आणि चौथा 'सध्या रिमोट'. या चौथ्यापासून सावध राहा. नेमणूकपत्रात 'कामाचं ठिकाण कंपनीच्या धोरणानुसार राहील' असं वाक्य असेल, तर ते धोरण एका ईमेलने बदलू शकतं. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून ठरावीक श्रेणीपर्यंतच्या लोकांना महिन्यातले किमान दहा दिवस ऑफिसात यायला सांगितलं, अॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांवर आणलं. तिथल्या कित्येकांना नेमणुकीच्या वेळी वेगळंच सांगितलेलं असणार.

म्हणून एचआरच्या पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारा. आठवड्याचे किंवा महिन्याचे किती दिवस? ते ठरवणार कोण, कंपनी की तुमचा मॅनेजर? मागच्या वेळी धोरण बदललं तेव्हा लांब राहणाऱ्यांचं काय झालं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा माणूस किती वेळ थांबतो, त्यावरून बरंच कळतं.

आता देहूरोडची गोष्ट. इथले पुष्कळ लोक पूर्ण रिमोटचाच हट्ट धरतात, आणि मला तो फारसा पटत नाही. तळवड्याचा आयटी पार्क इथून अगदी जवळ आहे. हिंजवडीला जायला मुकाई चौकातून रावेत, पुनावळे, ताथवडे करत भूमकर चौक गाठायचा. सकाळी नऊला तो रस्ता माणसाची परीक्षा बघतो आणि पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचलं की विचारायलाच नको. पण आठवड्यातून दोनदा, सकाळी सातला निघून दुपारी तीनला परत, असं जमवता आलं तर तो रस्ता सोसण्यासारखा आहे. बाणेर-बालेवाडीही बायपासवरच. खराडीचं मात्र तसं नाही. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथल्या 'हायब्रिड'ला होकार देताना दहा वेळा विचार करा. मुद्दा असा की कोल्हापूर-नाशिकच्या माणसाला हायब्रिड नोकरी म्हणजे बिऱ्हाड हलवणं. तुम्हाला ती घरी राहून करता येते. पूर्ण रिमोटसाठी तुमची स्पर्धा साऱ्या देशाशी आहे आणि हायब्रिडसाठी पुण्याच्या परिसरातल्या लोकांशी. बहुराष्ट्रीय कंपन्यांची स्वतःची भारतातली केंद्रं, ज्यांना आपण जीसीसी म्हणतो, ती नॅसकॉम आणि झिनॉव्हच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात सतराशेच्या वर आहेत आणि त्यांत सुमारे एकोणीस लाख लोक काम करतात. पुणे हे त्यांच्या मोठ्या शहरांपैकी एक. वरच्या जागा आज प्रामुख्याने तिथे निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच हायब्रिड असतात. दोन दिवसांचा प्रवास मान्य केलात की तुमच्यासाठी दारं एकदम वाढतात.

हुद्दा मोठा, पण काम कोणतं?

आपल्याकडच्या सेवा कंपन्यांत पंधरा वर्षं काढली की माणूस डिलिव्हरी मॅनेजर होतो. तीस-चाळीस जणांची टीम, रोजचे स्टेटस कॉल, क्लायंटची मनधरणी, रजेचे अर्ज, अप्रेझलचे रुसवेफुगवे. हे काम सोपं नाही, पण बाहेर त्याला भाव कमी मिळतो. प्रॉडक्ट कंपनी किंवा जीसीसी सीनिअर माणसाला मुख्यतः एकच विचारते: तू स्वतः कोणता निर्णय घेतलास, का घेतलास, आणि तो चुकला असता तर काय झालं असतं? चाळीस माणसांचा आकडा हे त्याचं उत्तर नाही.

त्यामुळे कोणत्या जागेसाठी प्रयत्न करायचा ते आधी ठरवा. स्टाफ किंवा प्रिन्सिपल इंजिनिअर म्हणजे टीम हाताखाली नसताना तांत्रिक दिशा ठरवणारा माणूस. इंजिनिअरिंग मॅनेजर म्हणजे माणसं सांभाळणारा, पण डिझाइनच्या चर्चेत गप्प न बसणारा. आर्किटेक्ट हा हुद्दा प्रत्येक कंपनीत वेगळा अर्थ घेऊन येतो, म्हणून तिथे जाहिरातीतलं कामाचं वर्णन दोनदा वाचा. 'काहीही चालेल' असं सांगणारा वीस वर्षांचा अनुभवी माणूस नेमणाऱ्याला कोड्यात टाकतो.

मग रेझ्युमे. इथे जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. सहा-सात पानी रेझ्युमे, पहिल्या पानावर पंचवीस तंत्रज्ञानांची यादी, आणि प्रत्येक प्रोजेक्टखाली तेच वाक्य: 'तीस जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, क्लायंटशी समन्वय साधला, वेळेत डिलिव्हरी दिली.' हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही मॅनेजरच्या नावावर खपेल. त्याच कामाबद्दल असं लिहून बघा:

'विमा नूतनीकरणाची रात्रीची बॅच नऊ तास चालायची आणि शाखा उघडेपर्यंत संपत नसे. नवी यंत्रणा विकत घ्यायचा प्रस्ताव होता. मी तो नाकारला, कारण अडचण सर्व्हरची नव्हती, एकाच टेबलावर होणाऱ्या लॉकिंगची होती. टेबलाचं विभाजन केलं, काम रांगेवर टाकलं, बॅच अडीच तासांवर आली. आठ महिने लागले. त्यातले तीन जुन्या अहवालांची जुळवाजुळव करण्यात गेले.'

उदाहरण काल्पनिक आहे, पण यात काय काय आलं ते पाहा. अडचण आली, नाकारलेला पर्याय आला, कारण आलं, परिणाम आला, आणि शेवटी जरा कडू वाटणारी कबुलीही आली. वाचणाऱ्याला लगेच चार प्रश्न सुचतात, म्हणजे मुलाखत तुमच्या माहितीतल्या विषयावर सुरू होते. असे चार-पाच परिच्छेद पुरेत. क्लायंटचं नाव आणि गोपनीय आकडे गाळा. 'एक मोठी खासगी बँक' एवढ्याने भागतं. दहा वर्षांपूर्वीच्या प्रोजेक्टांना एकेक ओळ. जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, वडिलांचं नाव यांची गरज नाही. एकूण दोन पानं.

दूर बसून काम करणाऱ्याची ओळख त्याच्या लिहिण्यातून होते. ऑफिसात चहाच्या टपरीवर जे पटवून देता येतं, ते इथे दीड पानाच्या टिपणात पटवावं लागतं. गिटलॅब ही कंपनी मुख्यालयाशिवाय, सगळे लोक आपापल्या घरी, अशी चालते आणि तिचं कामकाजाचं हँडबुक इंटरनेटवर कुणालाही वाचायला खुलं आहे. ते सगळं वाचायची गरज नाही, पण बैठकीआधी टिपण कसं लिहितात आणि निर्णय कुठे नोंदवतात, एवढं जरूर बघा. मग स्वतःचे दोन नमुने तयार ठेवा: एखाद्या तांत्रिक निर्णयाचं टिपण, आणि सिस्टिम बंद पडल्यानंतरचा अहवाल, ज्यात कुणा व्यक्तीवर खापर फोडलेलं नाही. इंग्रजी लिहिताना मराठी माध्यमातले लोक बिचकतात आणि मग उगाच लांबलचक, कोर्टाच्या नोटिशीसारखी वाक्यं लिहितात. छोटी वाक्यं लिहा. वाचणारा बर्लिनचा असेल तर त्याचीही मातृभाषा इंग्रजी नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवू नका

वरच्या जागा पोर्टलवर शेवटी येतात. त्याआधी कुणीतरी कुणाला तरी विचारलेलं असतं, 'तुझ्या ओळखीत कोणी आहे का?' त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तुमचं नाव निघालं पाहिजे. त्यासाठी गेल्या पंधरा वर्षांत ज्यांनी तुम्हाला काम करताना जवळून पाहिलं, अशा लोकांची यादी करा. बॉस, बरोबरीचे, आणि विशेषतः हाताखाली शिकलेली पोरं. ही पोरं आता कुठे कुठे पोहोचली आहेत ते पाहून तुम्हालाच नवल वाटेल. हिंजवडीतल्या एकाच मजल्यावर बसणारे लोक आज डब्लिनपासून सिडनीपर्यंत पसरले आहेत.

संकोच इथे आडवा येतो. आपल्याकडे नोकरी गेली हे सांगायला माणूस कचरतो. सोसायटीत कळू नये म्हणून सकाळी बॅग घेऊन बाहेर पडणारेही असतात. मग जुन्या सहकाऱ्याला फोन करून इकडच्या तिकडच्या गप्पा होतात आणि मूळ विषय राहून जातो. सरळ लिहा. साधारण असं:

'सर, नमस्कार. त्या बँकेच्या मायग्रेशनवर आपण दोन वर्षं एकत्र होतो. मी सध्या नवीन काम शोधतोय. पेमेंट्स किंवा लेंडिंगमधलं, स्टाफ किंवा प्रिन्सिपल पातळीचं. हिंजवडी-बाणेरला आठवड्यातून दोन-तीन दिवस किंवा पूर्ण रिमोट. तुमच्याकडे जागा नसेल तरी हरकत नाही. या क्षेत्रात मी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं? दोन पानी रेझ्युमे जोडला आहे.'

यात नोकरीची मागणी नाही, त्यामुळे समोरच्याला नाही म्हणायचा अवघडलेपणा नाही. काय हवं ते नेमकं आहे, त्यामुळे त्याला कुणाचं तरी नाव सुचतं. असे दोन-चार संदेश रोज पाठवा, प्रत्येक वेगळा लिहा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलात तर तो दिवाळीच्या शुभेच्छांसारखा वाचला जातो.

पोर्टलं सोडून द्या असं मी म्हणत नाही. नोकरी डॉट कॉमवर भारतातल्या कंपन्यांचे रिक्रूटर अजूनही रोज शोध घेतात आणि नोटीस पीरियडच्या रकान्यावर गाळणी लावतात. तो रकाना खरा आणि ताजा ठेवा. नव्वद दिवसांची नोटीस असेल पण कंपनी साठ दिवसांत सोडत असेल, तर तसं स्पष्ट लिहा. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी लावावी की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या मते फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय निवडावा आणि वाद तिथेच सोडावा. त्यापेक्षा आपल्या विषयावर पंधरा दिवसांतून एक बरी टिपणी लिहिलेली जास्त उपयोगी पडते.

करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांना हाच मार्ग अधिक लागू आहे, कारण यंत्राने रेझ्युमे चाळला तर खंड दिसतो, आणि ओळखीच्या माणसाने नाव सुचवलं तर आधी काम दिसतं.

मुलाखत घरातून, पण तयारी घरगुती नको

महावितरणचा गुरुवार लक्षात ठेवा. देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा हा आपल्याकडचा ठरलेला वार, आणि मुलाखत घेणाऱ्या अॅमस्टरडॅमच्या बाईंना त्याची कल्पना असण्याचं कारण नाही. शक्यतो गुरुवारची दुपार देऊ नका. इन्व्हर्टर असला तरी राउटर त्याच्यावर जोडलेला आहे का ते बघा. पुष्कळ घरांत दिवे-पंखे चालू राहतात आणि नेट जातं. दुसरं कनेक्शन वेगळ्या कंपनीचं हवं, निदान फोनचा हॉटस्पॉट आधी तपासलेला. मावळच्या पावसात हे सगळं जून ते सप्टेंबर दुप्पट लागू.

वेळांचं गणित आधीच करा. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. सॅन फ्रान्सिस्कोचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. सीनिअर माणसाच्या दिवसात बैठका जास्त, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या टीममध्ये गेलात की रात्रीची जेवणं आणि मुलांचा अभ्यास तुमच्याशिवाय होणार. युरोपातल्या कंपन्या पगार कदाचित कमी देतील, पण संध्याकाळ बऱ्यापैकी हातात राहते आणि सकाळ पूर्ण मोकळी. पहाटे घोरावडेश्वर चढून येऊन, आंघोळ-नाश्ता उरकून कामाला बसता येतं. चाळिशीनंतर याची किंमत पगाराच्या आकड्यात धरावी.

कोडिंगची फेरी सीनिअरांनाही चुकत नाही. 'मी आता कोड लिहीत नाही, लिहून घेतो' हे वाक्य उच्चारलं की निम्म्या ठिकाणी मुलाखत तिथेच संपते. महिनाभर रोज तासभर हात चालवा. एआयची मदत घेऊन काम कसं करता हेही विचारतील. तिथे खरं सांगा: काय त्याच्याकडून करून घेता, काय तपासता, कुठे त्याच्यावर विसंबत नाही. मात्र ऑनलाइन मुलाखतीत गुपचूप एआयला विचारणाऱ्यांमुळे आणि आपल्या जागी दुसऱ्याला बसवणाऱ्यांमुळे कंपन्या बिथरल्या आहेत. गुगलचे सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये सांगितलं की किमान एक फेरी समोरासमोर ठेवण्याचा त्यांचा विचार आहे. पुण्यात किंवा बेंगळुरूला प्रत्यक्ष बोलावलं तर कुरकुरू नका. अनुभवी माणूस समोरासमोर जास्त खुलतो.

घरी करायला दिलेल्या टेस्टबद्दल एक धोक्याची सूचना. खोटे रिक्रूटर बनून 'हा प्रोजेक्ट डाउनलोड करा आणि चालवून दाखवा' असं सांगत डेव्हलपरांच्या कॉम्प्युटरमध्ये मालवेअर घुसवण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत जगभर उघड झाले आहेत. अनोळखी कोड व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवा, आणि सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर तर मुळीच नाही. लॅपटॉपसाठी अनामत, व्हेरिफिकेशनसाठी फी असं काही मागितलं तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

करार: इथे घाई नको

देहूरोड हे लष्कराचा डेपो आणि ऑर्डनन्स फॅक्टरीच्या जिवावर वाढलेलं गाव. इथल्या अनेक घरांत वडिलांनी एकाच गेटमधून तीस वर्षं आत-बाहेर केलं. अशा घरात 'माझ्या कंपनीचं भारतात ऑफिसच नाही' हे वाक्य टाकून बघा. आई काळजीत पडते, वडील पेपर बाजूला ठेवतात. त्यांचे प्रश्न मात्र अचूक असतात: पीएफ आहे का? ग्रॅच्युइटी? आजारी पडलास तर? बरं, पक्क्या नोकरीचा त्यांचा अनुभवही आता तितकासा पक्का राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या आणि देहूरोडची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. कामगारांना डीम्ड डेप्युटेशनवर, म्हणजे सरकारी नोकरीतच ठेवलं, पण मालकाचं नाव बदललंच. तेव्हा वडिलांचे प्रश्न जुनाट म्हणून उडवून लावू नका. कागद पुढ्यात घेऊन त्यांची उत्तरं शोधा.

परदेशी कंपनी तुम्हाला तीन तऱ्हांनी घेऊ शकते. तिची भारतात नोंदलेली कंपनी असेल तर प्रश्न नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, टीडीएस सगळं नेहमीसारखं. नसेल तर ती 'डील' किंवा 'रिमोट' अशा नावांच्या मध्यस्थ कंपनीमार्फत घेते. नेमणूकपत्र मध्यस्थाच्या भारतीय कंपनीचं असतं, काम परदेशी कंपनीचं. यातही तुम्ही कायद्याने कर्मचारीच असता, पण त्या दोघांमधला करार संपला तर तुमचं काय, हे लेखी विचारा. तिसरी तऱ्हा स्वतंत्र कंत्राटदाराची. इथे आकडा सर्वांत मोठा दिसतो, आणि फसगतही इथेच होते, कारण त्या आकड्यात पीएफचा मालकाचा वाटा नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, ग्रुप मेडिक्लेम नाही, आणि नोटीस कधी पंधरा दिवसांची तर कधी शून्य.

कंत्राटदाराच्या बाजूनेही काही आहे. प्राप्तिकरात ४४एडीए म्हणून ओळखली जाणारी सोय आयटी व्यावसायिकांना मिळते: जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायचा, हिशेबाच्या वह्यांची कटकट नाही. मर्यादा पन्नास लाखांची. रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंचाहत्तर लाखांची. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला विचारूनच पुढे जा. वर्षाची जमा वीस लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात ठरत असेल तर कर शून्य दराने, पण त्यासाठी एलयूटी नावाचं हमीपत्र दर आर्थिक वर्षी भरावं लागतं आणि परकीय चलनात पैसे आल्याचे बँकेचे कागद जपावे लागतात. परदेशी कंपनीचे शेअर मिळाले तर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचे. हे विसरणारे पुष्कळ, आणि आयकर खातं हल्ली त्याबद्दल संदेश पाठवतं.

घराचं कर्ज हा आणखी एक मुद्दा, जो कुणी आधी सांगत नाही. पगारदार माणसाला बँक सॅलरी स्लिपवर कर्ज देते. कंत्राटदाराकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. रावेत-किवळ्यात मोठा फ्लॅट घ्यायचा विचार असेल, तर कर्ज मंजूर झाल्यावर कंत्राटदार व्हा. (आणि फ्लॅट घेताना डेपोभोवतीच्या रेड झोनचा, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्याचा नकाशा बघा, बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.) आरोग्य विम्याचंही तसंच. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो आणि स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. मधुमेह, रक्तदाब सुरू झालेल्या माणसाने ती पॉलिसी नोकरीत असतानाच काढावी.

पगार ठरवताना कंपनीचं तत्त्व विचारून घ्या. गिटलॅब राहण्याच्या ठिकाणानुसार पगार ठरवते. ३७सिग्नल्स जगात कुठेही बसलात तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या दराने देते. बहुतेक कंपन्या पहिल्या वाटेच्या आहेत. त्यात गैर काही नाही, पण मग 'पुणे' म्हणून कुठला दर धरला ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पगार डॉलरमध्ये की रुपयात, आणि चलन बदलाचा खर्च कुणाचा, हेही.

आणि दोन नोकऱ्या एकदम करायचा मोह टाळा. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या तीनशे जणांना काढलं, ते अध्यक्ष रिषद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं. पीएफच्या यूएएनवर एकाच महिन्यात दोन मालकांचा भरणा दिसला की व्हेरिफिकेशन करणाऱ्याला वेगळा पुरावा लागत नाही. सीनिअर माणसाची पत गेली की ती पुण्यासारख्या ओळखीपाळखीच्या बाजारात लवकर परत येत नाही.

शोधाला वेळ लागेल. वरच्या जागेसाठी पाच-सहा फेऱ्या आणि त्यांच्या मधली शांतता धरून चाला. घरखर्च आणि हप्ते मिळून सहा महिन्यांची सोय बाजूला असेल तर वाटाघाटीत आवाज कापरा होत नाही. घरच्यांना पहिल्या दिवशीच विश्वासात घ्या. एवढं झाल्यावर ऑफर आली, म्हणजे फोनवर 'काँग्रॅच्युलेशन्स' ऐकू आलं, की लगेच सध्याच्या मॅनेजरला ईमेल करू नका. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेले आणि मधल्या मधे ऑफर गमावून बसलेले लोक दरवर्षी भेटतात. सही झालेलं पत्र, त्यात कामाचं ठिकाण आणि ऑफिसचे दिवस, रुजू होण्याची तारीख, नोटीस दोन्ही बाजूंना सारखी, आणि व्हेरिफिकेशन पूर्ण झाल्याचा ईमेल. हे सगळं हातात आल्यावरच राजीनामा पाठवा.